मोरचूद आधी, युरेनियम नंतर

चि. नव्या मॅडमना,

सप्रेम आशीर्वाद.

पत्र वाचलं. नववीचा वर्ग, बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुलं आणि ‘पदार्थ आपल्या वापरातील’ हा धडा. मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा झाला की लगेच किरणोत्सारी पदार्थ. ते संपतात न संपतात तोच खाण्याचे रंग, डिओडरंट, टेफ्लॉन. सगळे एकाच पंगतीत बसवलेत. हे तीन तासिकांत कसं उरकायचं, असं तू विचारतेस. उरकायचंच असेल तर सोपं आहे. अल्फा, बीटा, गॅमा या तीन किरणांचा तक्ता फळ्यावर लिही, कोबाल्ट-६० कशाला आणि आयोडीन-१३१ कशाला एवढं पाठ करून घे, गुण पदरात पडतात. पण तेवढंच हवं असतं तर तू मला पत्र लिहिलं नसतंस.

माझं म्हणणं असं, की रासायनिक बदलात अणूचं नेमकं काय होतं हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याला किरणोत्सारात काय विलक्षण घडतं ते कळूच शकत नाही. त्याच्या लेखी दोन्ही ‘काहीतरी होतं’ याच खात्यात जमा. म्हणून पहिली तासिका युरेनियमला देऊ नकोस. मोरचुदाला, म्हणजे कॉपर सल्फेटला, दे.

ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी घे. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा दोऱ्याने त्यात सोड. शेजारी दुसऱ्या ग्लासात नुसत्या मिठाच्या पाण्यात तसाच खिळा. मोरचूद विषारी, तेव्हा हाताळणी तुझी, पाहणं मुलांचं. ज्यांच्या घरी द्राक्षांवर किंवा सुपारीवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारतात त्यांना ही निळी पूड चांगली ओळखीची असते, त्यांनाच आधी बोलतं कर. अर्ध्या तासात पहिल्या खिळ्यावर तांबूस थर चढतो. मग विचार, “तांबं आलं कुठून?”

कुणीतरी हमखास म्हणणार, “लोखंडाचं तांबं झालं.” हे उत्तर सोन्यासारखं आहे. लगेच चूक म्हणून खोडू नकोस. किमयागार शेकडो वर्षं याच आशेवर भट्ट्या फुंकत बसले होते. मुलांनाच तपासू दे. मिठाच्या पाण्यातल्या खिळ्याचं तांबं का झालं नाही? पहिला ग्लास रात्रभर ठेवला तर निळा रंग का ओसरतो? हळूहळू त्यांच्याच तोंडून येतं की तांबं त्या निळ्या पाण्यातच होतं, लोखंड विरघळून आत गेलं आणि तांबं बाहेर आलं. मग इलेक्ट्रॉनची देवघेव समजावून सांग. तांब्याचा अणू तांब्याचाच राहिला, लोखंडाचा लोखंडाचाच. हात लागला तो फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनना. फळ्याच्या कोपऱ्यात लिही: ‘मूलद्रव्य बदललं नाही.’ त्याभोवती चौकट काढ आणि वर्गाला सांग की धडा संपेपर्यंत हे पुसायचं नाही. (उरलेल्या पाण्यात गंजके खिळे टाकून निळा रंग पुरता जाऊ दे, मगच ते ओत.)

दुसऱ्या तासिकेला ‘रेडियम’पासून सुरुवात कर. मुलांना रेडियम माहीत असतं ते गाडीच्या मागे चिकटवतात ते. नंबरप्लेटच्या दुकानावर ‘रेडियम कटिंग’ अशी पाटी असते, त्यामुळे चकाकणारी ती चिकटपट्टी म्हणजेच रेडियम, अशी त्यांची पक्की समजूत. एक तुकडा आण. सोबत छताला चिकटवायची, अंधारात चमकणारी चांदणी आण. खिडक्या बंद कर. चिकटपट्टीवर टॉर्च मारली की ती झळकते, टॉर्च बंद की तीही बंद. चांदणी आधी उजेडात धरावी लागते, मग काही मिनिटं आपली आपण चमकत राहते. पहिली नुसता उजेड परतवते, दुसरी उजेड साठवून नंतर सोडते. रेडियम दोहोंतही नाही.

इथून बेक्वेरेल हा फ्रेंच शास्त्रज्ञ आपोआप येतो, कारण १८९६ साली पॅरिसमध्ये तो या चांदणीसारख्या पदार्थांवरच काम करत होता. युरेनियमच्या क्षारावर ऊन पडलं की त्यातून काही आरपार जाणारे किरण निघत असावेत, असा त्याचा कयास. म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच, तिच्यावर क्षार, आणि सगळं उन्हात. फेब्रुवारीच्या अखेरीस आभाळ भरून आलं, म्हणून त्याने तयार केलेल्या काचा तशाच खणात ठेवून दिल्या. १ मार्चला त्या धुतल्या. पुसटसा ठसा दिसेल अशी अपेक्षा होती, निघाला तो ठळक. ऊन नव्हतं, तरीही! ही गोष्ट सांगताना इथेच थांब आणि विचार, “चांदणीला खणात कोंडलं असतं तर?” ज्या मुलांनी पाच मिनिटांपूर्वी चांदणी विझताना पाहिली आहे, त्यांना बेक्वेरेल का चक्रावला असेल ते समजावून सांगावं लागत नाही.

नंतर मेरी क्युरी. तिच्याबद्दल पुस्तकांत बहुधा कष्ट आणि त्याग एवढंच असतं. तिने केलेलं रसायनशास्त्र मागे पडतं. माझ्या मते वर्गात ते रसायनशास्त्रच सांगायला हवं. तिने युरेनियमची निरनिराळी संयुगं घेतली आणि त्यांच्या किरणांमुळे हवेतून वाहणारा अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला. किरणांची तीव्रता नमुन्यात युरेनियम किती आहे एवढ्यावरच अवलंबून होती. ते ऑक्सिजनशी जोडलेलं आहे की आणखी कशाशी, ओलं की कोरडं, याने काही फरक पडत नव्हता. म्हणजे ही करामत रासायनिक बंधांची नाही, अणूची स्वतःची आहे.

मग पेच आला. पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त तीव्र निघालं. चाल्कोलाइट या तांबं आणि युरेनियमच्या फॉस्फेट खनिजाचंही तेच. तिने काय करावं? शुद्ध रसायनं घेऊन प्रयोगशाळेत स्वतःच चाल्कोलाइट बनवलं. सूत्र तेच, स्फटिक तसेच. पण या घरच्या चाल्कोलाइटची तीव्रता आतल्या युरेनियमच्या हिशेबाएवढीच होती. याचा अर्थ, खाणीतल्या खनिजात आणखी कुणीतरी लपलं होतं. हा तर्क नववीतल्या मुलाला पुरता झेपतो, फक्त त्याला तो स्वतः करायला अवधी दे. १८९८ च्या जुलैमध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झालं. पोलोनियम बिस्मथच्या मागोमाग यायचं आणि रेडियम बेरियमच्या. वेगळं करायची रीत म्हणजे आपल्याच प्रयोगशाळेतलं विरघळवणं, अवक्षेप पाडणं, गाळणं आणि पुन्हा स्फटिक करणं. टनावारी खनिजातून १९०२ पर्यंत हाती आलं सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड.

आता फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखव. रेडियमचा अणू अल्फा कण टाकतो तेव्हा दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन जातात. अणुक्रमांक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, ८८ चा ८६ होतो. आवर्तसारणी मुलांसमोर उघड आणि ८६ शोधायला सांग. रेडॉन! धातूचा वायू झाला. चौकटीतलं वाक्य इथे लागू पडत नाही. ते मुलांनाच पुसू दे, किंवा त्याच्यापुढे ‘रासायनिक अभिक्रियेत’ एवढं जोडू दे. आणि हे थांबवायचा काही उपाय आहे का, असंही विचार. तापव, बर्फात ठेव, आम्लात बुडव. रेडियमला त्याचं काही सोयरसुतक नाही. रासायनिक अभिक्रिया उष्णतेने वेगात होते, थंडीने मंदावते, हे त्यांनी आधी पाहिलेलं असलं की या बेपर्वाईचं त्यांना नवल वाटतं.

अर्धायुष्यकालासाठी, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणाऱ्या वेळासाठी, तिसरी तासिका राखून ठेव आणि चिंचोके जमव. फोडून अर्धे केलेले, एक बाजू पांढरी, एक काळपट, आपण सारीपाटाला घ्यायचो तसे. प्रत्येक गटाला शंभर. डब्यात खळखळवायचे, बाकावर ओतायचे, पांढरी बाजू वर आलेले ‘फुटलेले अणू’ म्हणून बाजूला काढायचे, उरलेले मोजायचे, पुन्हा डब्यात. आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्यावर उरलेले चिंचोके.

नाणी घेऊ नकोस. नाण्याचं उत्तर मुलांना आधीच ठाऊक असतं, म्हणून ती मोजायचा कंटाळा करतात आणि ५०, २५, १२ असे आकडे घरबसल्या भरतात. चिंचोका नाण्याइतका सरळ नसतो. दोन्ही बाजू सारख्या पडतीलच असं नाही. त्यामुळे अर्धे उरायला किती फेऱ्या लागतात हे आलेखावरूनच काढावं लागतं, पुस्तकात ते सापडत नाही. फासे मिळाले तर तेही वापर: सहा पडला की बाद. अर्धे उरायला सरासरी ३.८ फेऱ्या लागतात. गंमत म्हणजे रेडॉन-२२२ चा अर्धायुष्यकालही ३.८ दिवसच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये, पण पोरांना तो आवडतो.

दोन गोष्टींवर इथे रेंगाळ. एक, ‘अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे सोळा दिवसांत सगळं संपणार’ हा गैरसमज. आयोडीन-१३१ चे आठ दिवस घेऊन दहा टप्पे मुलांकडून करवून घे. ऐंशी दिवसांनी १०२४ वा भाग उरतो. दुसरी गोष्ट अवघड आहे. आठ फेऱ्या टिकलेला चिंचोका ‘आता तरी पडणारच’ असं मुलांना वाटतं. नाही. नवव्या फेरीत त्याची शक्यता पहिल्या फेरीइतकीच. अणूला वय नसतं. मग एखादं चुणचुणीत पोर विचारेल की नेमका हाच अणू आत्ता का फुटला. त्याला स्पष्ट सांग की ते कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यात उपकरणांची उणीव नाही. एकट्या अणूचा मुहूर्त निसर्गातच ठरलेला नसतो, असंच आजचं भौतिकशास्त्र म्हणतं. कोट्यवधी अणूंचा हिशेब मात्र चोख लागतो.

राहता राहिली भीती. ‘किरणोत्सारी’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा. भीती घालवायची म्हणून ‘काही होत नाही’ असं मात्र सांगू नकोस, ते खोटं आहे. त्यांना दोन प्रश्न विचारायची सवय लाव: किती? आणि स्रोत शरीराच्या बाहेर की आत? सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यात किरणोत्सारी पोटॅशियम-४० असल्यामुळे दर सेकंदाला त्याच्या आत चार हजारांवर अणू फुटत असतात. वर्गातल्या प्रत्येकाच्याही, वजनाच्या हिशेबाने थोडे कमी. जवळच्या कॉलेजात जीएम काउंटर, म्हणजे किरणोत्सार टिकटिक करून मोजणारं यंत्र, असला, तर तिथल्या सरांना तो घेऊन शाळेत यायची विनंती कर. आधी रिकाम्या टेबलावरची टिकटिक ऐकव, मग साध्या मिठाजवळची, मग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या कमी सोडियमच्या मिठाजवळची. फरक कळायला काही मिनिटं मोजावं लागतं, तेही बरंच आहे. बाकी कुठलाही किरणोत्सारी स्रोत शाळेत आणू नकोस. वरातीतल्या जुन्या गॅसबत्तीच्या जाळीत थोरियम असायचं, म्हणून ती आणायचा मोह होईल. जळलेल्या जाळीची राख श्वासावाटे आत जाते, तेव्हा नको.

कांद्याचा प्रश्न येईलच, तुझा जिल्हा पाहता तर नक्कीच. लासलगावच्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबवतात, २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूसही तिथूनच गेला. “मग तो कांदा किरणोत्सारी झाला का?” टॉर्च मारलेल्या भिंतीतून टॉर्च बंद केल्यावर उजेड येत नाही, तसंच हे, या गॅमा किरणांची ऊर्जा कांद्यातल्या अणुकेंद्रकांना बदलण्याएवढी नसते. याच्या उलट उदाहरण दिल्लीच्या मायापुरीचं. २०१० साली प्रयोगशाळेतलं एक जुनं गॅमा यंत्र भंगारात विकलं गेलं, कोबाल्ट-६० उघडं पडलं आणि एका माणसाचा जीव गेला. पदार्थ तोच, एकीकडे तो जाड भिंतींच्या आत होता, दुसरीकडे कुणी काय हाताळतोय हे कुणालाच माहीत नव्हतं.

एक सांभाळ. साठ मुलांच्या वर्गात एखाद्याच्या घरी कुणाला तरी कॅन्सरसाठी ‘लाईट’, म्हणजे किरणोपचार, चालू असते. ते मूल गप्प बसेल, किंवा आजीजवळ बसू का, असं तास संपल्यावर विचारेल. बाहेरच्या यंत्राने लाईट घेतलेल्या माणसाजवळ बसायला, त्याला मिठी मारायला काहीच हरकत नाही, हे वर्गात नाव न घेता, सगळ्यांना मिळून सांग. थायरॉइडसाठी पोटातून आयोडीन-१३१ दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला डॉक्टर सांगतात, ते पाळायचं.

परीक्षेचं म्हणशील तर तक्ता शेवटी दे, एका पानात मावतो. फक्त ‘गॅमा किरण शिशाने अडतात’ असं लिहून देऊ नकोस. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण निम्मे व्हायला सुमारे १२ मिलिमीटर शिसं लागतं, पुढचे १२ मिलिमीटर उरलेल्यातले निम्मे करतात. चिंचोके खेळलेल्या मुलांना हे एका दमात कळेल.

मुलांचे तक्ते मला पाठव. नीट उतरवून काढलेले नकोत, खाडाखोड असलेले मूळ कागदच हवेत. तुमच्याकडच्या चिंचोक्यांचा अर्धायुष्यकाल किती फेऱ्यांचा निघतो, ते मलाही पाहायचंय.

तुझी,
जुनी बाई