व्हीलचेअरवरच्या बाबांना क्रूझवर न्यायचंय, कोणती निवडू?

तुम्ही लिहिलंय की अर्धांगवायूनंतर बाबांची डावी बाजू साथ देत नाही, आधार दिला तर क्षणभर उभे राहतात, बाकी सगळं व्हीलचेअरवर. लग्नाच्या 50 व्या वाढदिवसाला आईबाबांना समुद्रसफर घडवायचीय आणि एजंट म्हणतो, "सगळी जहाजं व्हीलचेअर फ्रेंडलीच असतात." मी स्वतः कमरेखाली अधू आहे आणि खुर्चीवरूनच प्रवास करते, म्हणून सांगते. एजंट अर्धं खरं बोलतोय. मोठ्या जहाजावर लिफ्ट असतात, जेवणाच्या हॉलपासून नाटकगृहापर्यंत सगळीकडे खुर्ची जाते. अडतं ते बंदरात उतरताना आणि बाथरूममध्ये. त्यामुळे जहाजाच्या घसरगुंड्या आणि रेस्टॉरंटं नंतर बघा, आधी बंदरांची यादी घेऊन बसा.

प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार? नांगर टाकलं की प्रवाशांना छोट्या बोटींतून, म्हणजे टेंडरमधून, किनाऱ्यावर नेतात. बोट लाटेवर खालीवर होत असते, चढताना बहुधा पायऱ्या असतात आणि माणसाला उचलून घ्यायची जबाबदारी कंपन्या सहसा घेत नाहीत. थोडक्यात, त्या दिवशी बाबा जहाजावर, आणि आईही त्यांच्यासोबत जहाजावर. ग्रीसचं सँटोरिनी बेट फोटोत कितीही सुंदर दिसो, तिथे टेंडर आहे आणि वर गावात जायला रोपवे, खेचर नाहीतर शेकडो पायऱ्या. फुकेतला बरीच जहाजं पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी राहतात. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ सोयीची वाटेल, पण लक्षद्वीपला छोट्या बोटीनेच उतरावं लागतं. गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागतं, तेव्हा मुंबईहून न्यायचंच असेल तर फक्त गोव्याची फेरी बघा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला सिंगापूरहून तीन-चार रात्रींची फेरी, ज्यात मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग आहे. दोन्हीकडे धक्का आहे. पेनांगला तर स्वेटनहॅम पियरच्या बाहेर आलं की जॉर्ज टाउनचा जुना भाग सुरू होतो. सिंगापुरात मेट्रो स्टेशनांना लिफ्ट आहेत, बसला रॅम्प आहे, त्यामुळे आधी-नंतरचे दोन दिवसही टॅक्सीशिवाय निघतात.

हात सैल सोडायची तयारी आणि व्हिसा असेल तर मात्र अलास्का. जुनो, केचिकॅन, स्कॅगवे या तिन्ही बंदरांत मोठी जहाजं सहसा धक्क्याला लागतात. स्कॅगवेच्या व्हाइट पास रेल्वेत व्हीलचेअर वर घेणारी लिफ्ट असलेले डबे आहेत, ते आधी सांगून ठेवावे लागतात. ग्लेशियर बेमध्ये तर जहाजावरून कुणीच उतरत नाही. सगळे डेकवर, बाबाही डेकवर, समोर हिमनदी. अलास्काच्या बंदरांत मात्र भरती-ओहोटीत पाण्याची पातळी खूप बदलते, त्यामुळे गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल, कधी सपाट असतो तर कधी अंगावर येणारा उतार. अशा उतारावर खुर्ची कधीही तोंड पुढे करून सोडू नका. उलटी फिरवायची, एकाने मागची हँडलं घट्ट धरून पाठमोरं खाली जायचं आणि दुसऱ्याने समोरून फ्रेम धरायची.

आता केबिन. बाबांच्या खुर्चीची रुंदी मोजा, सीटची नको, चाकाच्या बाहेरच्या कडीपासून कडीपर्यंत. साधारण 24 ते 26 इंच भरते. साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर त्याहून अरुंद असतं आणि बाथरूमला उंबरठा असतो. अ‍ॅक्सेसिबल केबिनचं दार सहसा 32 इंचांच्या आसपास असतं आणि शॉवरखाली खुर्ची सरळ जाते. पण 'अ‍ॅक्सेसिबल' या शब्दावरही थांबू नका. उदाहरणार्थ कार्निव्हल कंपनी अशा केबिनचे तीन प्रकार करते: पूर्ण सोयीची, पलंगाच्या एकाच बाजूने खुर्ची जाईल अशी, आणि थोडंफार चालणाऱ्यांसाठीची. तिसरी तुमच्या कामाची नाही.

आणि हे फार कमी लोक विचारतात: कमोडशेजारचा भिंतीवरचा दांडा कोणत्या हाताला आहे? माझे दोन्ही हात धड आहेत, मला चालून जातं. बाबांचा जोर उजव्या हातात आहे. बसल्यावर दांडा डावीकडे असेल तर तो त्यांच्यासाठी नसल्यासारखाच, आणि दिवसातून पाच-सहा वेळा सगळा भार आईच्या खांद्यावर. काही जहाजांवर एकाच प्रकारच्या केबिन उजव्या-डाव्या अशा उलटसुलट असतात, त्यामुळे केबिन नंबर घेऊनच विचारा. शॉवरमधलं बाकडं भिंतीला पक्कं आहे की सुटं प्लास्टिकचं, तेही.

या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर जातात, म्हणून तारीख ठरवण्याआधी केबिन शोधा. फोनवरचं "हो, हो, होऊन जाईल" धरू नका, कंपनीच्या विशेष मदत विभागाकडून ईमेलवर उत्तर मागवा. खुर्ची रात्री कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, ती केबिनमध्येच मावली पाहिजे. आंघोळ घालणं, कपडे बदलणं ही मदत जहाजावर मिळत नाही, तेव्हा आईबाबांना दोघांनाच पाठवायचा विचार असेल तर तिसरं माणूस धरा. खुर्ची बॅटरीची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर विमान कंपनीला आधीच कळवा, नाहीतर चेक-इनलाच घोळ होतो.

खुर्चीचं माप आणि साधारण महिना कळवलात तर सिंगापूरच्या कोणत्या फेरीत कुठली बंदरं आहेत ते बघून सांगते.