निर्जळी उपवास, ठणकणारं डोकं आणि मेंदूचं पोषण

प्रश्न : मी आठवड्यातून एकदा पहाटे खाऊन सूर्यास्तापर्यंत निर्जळी उपवास करतो. दुपारी चारनंतर डोकं ठणकतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. उपवासाने मेंदू तल्लख होतो म्हणतात, मग माझं उलटंच का? मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू आहे.

उत्तर : आधी गोळीचं बोलू, कारण खरा धोका तिथे आहे. ग्लिमेपिराइड पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावतं. त्यामुळे साखर घसरते, आणि मेंदूला त्याची झळ लगेच लागते : घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. मनाने बंद करू नका. दुपारी बोटाच्या रक्तावर साखर तपासा. 70च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) खाली असेल तर उपवास तिथेच सोडा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. सूर्यास्ताला तासच उरलाय म्हणून थांबू नका.

साखर ठीक असूनही डोकं दुखत असेल, तर मेंदू उपाशी आहे असं समजू नका. त्याला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. पहाटेचं जेवण आणि यकृतातला साठा मिळून दिवस निभावतो. संशय घ्यायचा तो पाण्यावर, चहा-कॉफीवर आणि झोपेवर. शरीरातलं पाणी थोडं घटलं तरी लक्ष लागेनासं होतं. कॅफीन तुटल्याची डोकेदुखी शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होते. शेवटचा चहा आदल्या संध्याकाळचा असेल, तर दुपारचे चार बरोबर त्यातच येतात. आदल्या चार-पाच दिवसांत चहा रोज अर्धा कप कमी करा. पाणी पहाटे एकदम ढोसू नका, बरंचसं लघवीवाटे जातं. आदल्या संध्याकाळपासून थोडं थोडं प्या. पहाटे उठायचं तर रात्री तेवढं लवकर झोपा.

राहिला तल्लखपणा. साधारण 12 तासांनंतर यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागतं आणि मेंदू तेही जाळतो, हे खरं. पण तुमचा उपवास सुटतो तेव्हा हे जेमतेम सुरू झालेलं असतं. उंदरांमध्ये स्मरणशक्तीला फायदा दिसला आहे. माणसांत उपवासाने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. श्रद्धेने उपवास करा, औषध म्हणून नको.

अपस्माराच्या (फिट येण्याच्या) किंवा लिथियमच्या (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी करूच नये. चुकलेला डोस किंवा अपुरी झोप झटका आणू शकते, आणि पाणी घटलं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकतं.