क्लावे : किल्ली की खुंटी?

प्रश्न असा आलाय : "साल्साच्या क्लासला जाते. सर सारखं सांगतात, आकडे मोजू नका, क्लावे ऐका. डिक्शनरीत क्लावे म्हणजे किल्ली असं सापडलं. मग मराठीत 'तालाची किल्ली' म्हणायचं का? आणि शब्द स्पॅनिश आहे म्हणजे हा ताल स्पेनमधून आलाय ना?"

पहिल्यात किल्ली हा अर्थ बरोबर आहे, पण मराठीत तसं म्हणू नये, आणि दुसऱ्याचं उत्तर मात्र साफ नाही. आणि हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण शब्द ज्यांचा वस्तूही त्यांचीच असं आपण सगळेच धरून चालतो.

आधी शब्द बघू. क्लावे हे मुळात क्युबातल्या एका वाद्याचं नाव. कडक लाकडाच्या दोन गोल दांड्या, साधारण वीतभर लांब. एक दांडी डाव्या हाताची ओंजळ करून तिच्यावर नुसती टेकवायची, घट्ट धरायची नाही, म्हणजे खाली पोकळी राहते आणि आवाज घुमतो. दुसरीने तिच्यावर मारायचं. क्युबात धरलेल्या दांडीला मादी म्हणतात आणि मारणाऱ्या दांडीला नर. आवाज छोटाच, पण इतका टणक की ट्रम्पेट, ड्रम सगळं चालू असताना सुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू येतो.

आता किल्ली कुठून आली? क्युबाचे मोठे अभ्यासक फेर्नांदो ओर्तिस (१८८१-१९६९) यांनी या दांड्यांचं नातं हवानाच्या गोदीशी जोडलंय. तिथे जहाजं बांधताना लाकडाच्या खुंट्या ठोकायचे, त्यांना स्पॅनिशमध्ये क्लाविहा म्हणतात, आणि गोदीत राबणाऱ्यांमध्ये आफ्रिकन वंशाचे लोक खूप होते. हातात खुंट्या, अंगात ताल. मला ही व्युत्पत्ती फार पटते. गंमत म्हणजे क्लावे आणि क्लाविहा दोन्ही शब्द लॅटिनमधल्या किल्लीच्या शब्दावरूनच आलेत, म्हणजे किल्ली आणि खुंटी सख्ख्या बहिणीच आहेत. त्यामुळे तुमची डिक्शनरी चूक नाही. शिवाय स्पॅनिशमध्ये दगडी कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड पण क्लावेच, तो काढला की कमान खाली येते. वादक लोक क्लावेबद्दल जे जीव ओतून बोलतात त्याला हा तिसरा अर्थ सगळ्यात जवळचा आहे.

पुढे या दांड्यांवर जे वाजवतात त्या ठोक्यांच्या रचनेलाही क्लावेच म्हणायला लागले. आपल्याला हे नवीन नाही, संस्कृत 'ताल' एकच, पण त्यातूनच आपल्याकडे वाजवायचा टाळ आला आणि मोजायचा तालही.

ही रचना टाळी वाजवून बघा. एक ते सोळा सारख्या वेगात मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. म्हणजे अंतरं तीन-तीन-चार-दोन-चार अशी पडतात. ही 'सोन' क्लावे (सोन ही क्युबातली गाण्या-नाचाची एक शैली), साल्सात मुख्यतः हीच. तिसरी टाळी ७ ऐवजी ८ वर सरकवली की रुम्बा क्लावे झाली (रुम्बा हाही क्युबातला गाण्या-नाचाचा प्रकार), एका मात्रेचा फरक पण अंगात येणारा झोका पूर्ण बदलतो. पहिल्या आठात तीन टाळ्या, दुसऱ्या आठात दोन, म्हणून तीन-दोन. उलटं सुरू केलं की दोन-तीन.

आता स्पेनचं. या पाच ठोक्यांची मुळं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहेत. तिथे लोखंडी घंटेवर असाच एक छोटा आकृतिबंध न थांबता वाजत राहतो आणि बाकीचे ड्रम, गाणारे, नाचणारे सगळे त्याच्याभोवती फिरतात. घानात आक्राच्या गा लोकांचा क्पानलोगो नाच आहे, त्यातल्या घंटेचे ठोके अगदी हेच, १, ४, ७, ११, १३. क्युबात गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली, जहाजांतून माणसं आली ती हा कान घेऊनच आली. ड्रम नव्हते तिथे हवाना आणि मातान्सासच्या गोदीवाल्यांनी खाऱ्या माशांच्या लाकडी खोक्यांवर रुम्बा वाजवला. स्पेनकडून काहीच आलं नाही असं मी म्हणत नाही, गिटारच्या घरातली वाद्यं आली, कवितेचे छंद आले, भाषा आली. पण कणा आफ्रिकेचा आणि त्याला नाव मिळालं मालकांच्या भाषेतलं.

सगळीकडे असंच झालं असंही नाही. मांबो हा क्युबातलाच नाच-संगीताचा प्रकार, त्याचा शब्द काँगो भागातल्या किकोंगो भाषेतून आला असं मानतात. आणि ज्या ड्रमला आपण कोंगा म्हणतो त्याला क्युबात तुम्बादोरा म्हणतात, कोंगा हे नाव बाहेर जास्त चाललं, पण त्यात काँगो तर ऐकूच येतो.

लाइव्ह कार्यक्रमात नीट ऐकाल तर पुष्कळदा दांड्या कोणी वाजवतच नसतं! तरी पियानो, बास, गायक, टिंबालेस या जोडड्रमच्या कडेवर काठी मारणारा, सगळे तीच क्लावे मनात धरून चाललेले असतात. गायकाची ओळ तीनच्या बाजूऐवजी दोनच्या बाजूला पडली की त्याला 'क्रुसाओ' म्हणतात, आडवं गेलं. जाणकार श्रोत्यांच्या टाळ्या बरोबर पडत असतात आणि स्टेजवरचा आडवा जातो, तेव्हा सगळ्या हॉलला ते खटकतं. क्लावे कोणासाठी उलटत नाही, चुकलेल्यानेच परत यायचं. तुमचे सर आकडे सोडायला सांगतात ते म्हणूनच, एक-दोन-तीन मोजून पाय बरोबर पडतात पण आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळत नाही.

मराठीत 'तालाची किल्ली' लिहू नये असं माझं मत. किल्ली म्हटलं की कुलूप उघडून खिशात टाकायची वस्तू डोळ्यासमोर येते आणि क्लावे तर पूर्ण गाणंभर चालू असते. सरळ क्लावे लिहा. 'क्लेव्ह' म्हणू नका, शेवटचा 'वे' पूर्ण उच्चारा, स्पॅनिशमध्ये तो थोडा 'बे'कडे झुकतो. आणि लिंग स्त्रीलिंगीच ठेवा, ती क्लावे, कारण स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी केला की अर्थ होतो हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं एक जुनं वाद्य.