वाचकांचे प्रश्न : सध्या काय ऐकताय?

'सध्या काय ऐकताय?' असं गेल्या अंकात विचारलं होतं. याद्या भरपूर आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ प्रश्नही आले. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी सुचवलेलं ध्वनिमुद्रण मैत्रिणीने शोधून ऐकलं आणि 'फार घाईघाईत वाजवलंय' असं कळवलं. मला तर ते चांगलं संथ वाटतं. दोघींपैकी कोणाचे कान चुकतायत?

उत्तर : बहुधा कोणाचेच नाहीत. तुम्ही दोघी वेगवेगळी मुद्रणं ऐकत असणार. उदाहरणार्थ, पाश्चात्त्य संगीतकार बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' पियानोवादक ग्लेन गूल्डने 1955 मध्ये मुद्रित केल्या आणि 1981 मध्ये पुन्हा एकदा. वादक तोच, रचना तीच, पण पहिलं मुद्रण साडेअडतीस मिनिटांत संपतं आणि दुसरं 51 मिनिटं चालतं. अशा वेळी नुसतं 'गूल्डचं गोल्डबर्ग' लिहून कोणालाच काही कळत नाही.

म्हणून नावापुढे मुद्रणाचं वर्ष, मैफल की स्टुडिओ, आणि एकूण वेळ एवढं तरी लिहा. अ‍ॅपवर दिसणारं वर्ष बरेचदा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यावर विसंबू नका. मिनिटं-सेकंद मात्र सहसा दगा देत नाहीत. सारख्या नावाच्या दोन मुद्रणांत फरक करायची ती सगळ्यात सोपी खूण. रागसंगीत असेल तर राग, ताल आणि बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द लिहा. तीन मिनिटांच्या तबकडीत आलाप जेमतेम डोकावतो, त्यामुळे तोच राग मैफलीत चाळीस मिनिटं ऐकणाऱ्याचं मत वेगळं पडणारच. एलपीवरून (जास्त वेळ चालणाऱ्या मोठ्या रेकॉर्डवरून) ऐकत असाल तर लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे छापण्याच्या साच्याचा क्रमांक, उतरवून घ्या. रेकॉर्ड तिरकी धरून कडेने उजेड टाकला की तो वाचता येतो. वेष्टन बदलतं, हा क्रमांक त्या तबकडीबरोबर राहतो.

गौहर जान 1902 च्या आपल्या तबकड्यांवर गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हानोव्हरला, आणि लेबल चिकटवणाऱ्यांना गायिका कोण हे कळायला हवं होतं. मुद्रणाची ओळख मुद्रणातच, याहून चोख नोंद कुठली!

प्रश्न : एकच गाणं माझ्या एलपीवर चढ्या पट्टीत आणि डिजिटल आवृत्तीत किंचित उतरलेलं ऐकू येतं. बिघाड टर्नटेबलमध्ये आहे का?

उत्तर : आधी टर्नटेबल तपासा, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. फिरत्या चकतीच्या कडेला कागदाचा बारीक तुकडा चिकटवा. रेकॉर्ड लावून सुई टेका. सुईच्या घर्षणाने वेगात फरक पडतो, म्हणून रिकामी चकती मोजू नये. तुकडा समोरून जाईल तेव्हा स्टॉपवॉच चालू करा आणि तोंडाने 'शून्य' म्हणा. पुढे शंभरापर्यंत मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला शंभर फेरे बरोबर 180 सेकंदांत व्हायला हवेत. पहिल्याच खेपेला 'एक' म्हटलंत तर एक फेरा कमी मोजला जातो आणि धड चालणारं यंत्र एक टक्का वेगवान ठरतं. ही चूक फार जण करतात.

एक टक्का म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सहावा भाग. तंबोऱ्याशी ताडून पाहणाऱ्याला तो कळेल, इतरांना बहुधा नाही. काळी एकवरून पांढरी दोनवर, म्हणजे पेटीवर अर्धा स्वर वर, जायला मात्र जवळपास सहा टक्के वेग वाढावा लागतो. एवढा फरक असेल तर वेगाचा स्क्रू कोणी फिरवलाय का, ते बघा. चकती फिरवणारा बेल्ट सैल किंवा तेलकट असेल तर तो सहसा वेग कमी करतो, वाढवत नाही.

स्ट्रोबची तबकडी (रेघांची वर्तुळं छापलेली, वेग तपासायची चकती) वापरत असाल तर 50 हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्याखाली 33⅓ साठी 180 रेघांचं वर्तुळ बघायचं. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, उलट्या सरकल्या तर कमी. बॅटरीवरच्या विजेरीखाली हे जमत नाही, कारण तिचा प्रकाश विजेच्या तालावर लुकलुकत नाही.

सूर सतत वर-खाली डुलत असेल तर तो वेगळा रोग. डुलणं दर 1.8 सेकंदांनी, म्हणजे फेऱ्यागणिक होत असेल आणि दुसरी रेकॉर्ड लावल्यावर थांबत असेल, तर त्या रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. यंत्र निर्दोष आहे.

यंत्राचा वेग बरोबर निघाला तर मात्र संशय मुद्रणावर घ्यायचा. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित करताना टेपयंत्र हळू चालत होतं, त्यामुळे एलपीवर त्या चढ्या उमटल्या. ते दुरुस्त झालं 1992 च्या आवृत्तीत. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं लोक चढ्या सुरांबरोबर साथ वाजवायचा सराव करत होते!

जुन्या 78 च्या (मिनिटाला सुमारे 78 फेरे फिरणाऱ्या) तबकड्यांत हा गोंधळ नेहमीचा. सुरुवातीच्या काळात वेग पक्का नव्हता, 70 च्या आसपासपासून 80 च्या पुढेपर्यंत काहीही असे. आज नेटवर मिळणारी पुष्कळ रूपांतरं डोळे मिटून 78 ला केलेली आहेत. आवाज चिरका, तबल्याची चाट टिचकीसारखी, शब्द तोंडात कोंबल्यासारखे, असं एकदमच जाणवलं तर वेग जास्त समजा. नुसत्या पट्टीवरून निकाल देऊ नका. वयानुसार गायकाची पट्टी उतरते. संगणकावर दुरुस्त करायचं तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सूर आणि लय दोन्ही एकत्र बदलणारी वेगाची सोय वापरा, फक्त सूर हलवणारी नको. अर्धा स्वर उतरवायला उणे 5.6 टक्के. चढवायला 5.9.

प्रश्न : नवी 'रीमास्टर्ड' (जुन्या मुद्रणावरून नव्याने तयार केलेली) आवृत्ती जुनीपेक्षा सरस वाटते. ती खरंच तशी असते का?

उत्तर : ती मोठ्याने वाजत असते, एवढं नक्की. एखाद्या डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'खुलून आलंय' असा जाणवतो. दोन्ही एकाच मोठेपणाला आणून ऐका. अ‍ॅपमधली आवाज समान करण्याची सोय त्यासाठी चालू करा (स्पॉटिफाय साधारण −14 एलयूएफएसला आणतं; एलयूएफएस हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप), आणि कोणती आवृत्ती लागली आहे ते न सांगता दुसऱ्या कोणाला तरी बदलायला लावा. सरसपणा बरेचदा तिथेच गळून पडतो. अख्खा अल्बम ऐकताना ती सोय प्रत्येक गाण्यागणिक नको, अल्बमपुरती ठेवा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेला भाग बाकीच्यांइतकाच वर येतो.

प्रश्न : लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळणारं) घेतलं, पण ब्लूटूथ हेडफोनवर काहीच फरक कळत नाही.

उत्तर : कळणार कसा? सीडीचा प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिट. ब्लूटूथचा सगळीकडे चालणारा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) तो साधारण 328 किलोबिटच्या आत बसवतो. तार जोडा, मग तुलना करा.

प्रश्न : एकसंध वाजणाऱ्या मैफलीत दोन ट्रॅकच्या मध्ये बारीक खंड पडतो.

उत्तर : फाइल एमपी3 असणार. ती आवाजाच्या 1152 नमुन्यांच्या (मोजमापांच्या) ठोकळ्यांत बांधली जाते, एक ठोकळा म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंद. पुढे-मागे जी भर पडते ती प्लेअरने कापली नाही तर टाळ्यांच्या मधोमध खड्डा ऐकू येतो. सीडीवरून पुन्हा फ्लॅकमध्ये (काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात) घ्या. प्लेअरमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळण्याची सोय) मात्र बंद ठेवा, तो खड्डा बुजवायला म्हणून लावला तर शेवटची तान पुढच्या ट्रॅकखाली विरते.

प्रश्न : आजोबांच्या 78 च्या तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?

उत्तर : अजिबात नाही. त्या लाखेच्या आहेत आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने हलका हात, आणि लेबल कोरडं. पाणी साचू न देता लगेच टिपून घ्या. वाजवताना एलपीची सुई लावू नका. 78 ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाला जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळातला कचरा वाजवते. 78 साठी साधारण 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची 0.7 मिलच्या आसपास असते.