कला महाविद्यालयात प्रभारी प्राचार्य झालास, तर आधी हे बघ

आदेश हातात पडला म्हणून लगेच खुर्चीत जाऊन बसू नकोस. आधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही घे आणि एकेक ईझल (चित्र ठेवायचा स्टँड), एकेक प्लास्टरचा पुतळा मोजून मगच चार्जवर सही कर. मी न मोजता केली होती. नसलेल्या वस्तूंचे खुलासे वर्षभर लिहीत बसलो.

दुसरं, शिल्पकला विभाग. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मातीच्या कामावरचं ओलं गोणपाट सुकलं की नाकापासून तडे जायला सुरुवात. सुट्टीत पाणी मारायचं काम कोणाचं, हे लेखी ठरव, तोंडी नको. एका उन्हाळ्यात पोरांची सगळी व्यक्तिशिल्पं गेली, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत होते.

मॉडेल म्हणून बसणाऱ्या आजोबांचं मानधन अडकू देऊ नकोस. नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाईल दोन दिवस थांबेल, त्यांचा किराणा नाही थांबत.

कला संचालनालय मुंबईत, विद्यापीठ इथं. दोघांची पत्रं वेगवेगळ्या फायलींत लाव.

आणि आठवड्यातला एक तास तरी स्वतः वर्गात जाऊन डेमो दे. प्राचार्यांचा हात अजून चालतो, हे पोरांना दिसू दे. (माझा तेवढा चालत नव्हता, तरी जायचो.)