ऑगस्टमध्ये दक्षिण इटलीला फक्त केबिन बॅग घेऊन जायचं आहे. काय न्यावं आणि काय घरी ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई असे तिघं नापोली (नेपल्स), मातेरा, पुलिया आणि सिसिली करणार. प्रत्येकाला एकच केबिन बॅग, भारतातून निघताना ७ किलोची मर्यादा, आणि उन्हाची धास्ती. मी पुलियातल्या बारी शहरात राहते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे घरचं कुणी ना कुणी येतं आणि जाताना निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडता परत नेतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

७ किलो आरामात पुरतात, आणि ते ज्या उन्हाला तुम्ही घाबरताय त्याच्यामुळेच पुरतात. रात्री जेवून आल्यावर धुऊन पिळलेला सुती कुर्ता सकाळी निघेपर्यंत वाळलेला असतो. आपल्याकडे कपडे दमट राहून वास मारतात त्याच महिन्यांत इथे पाऊस जवळजवळ नसतो आणि गॅलरीतल्या दोरीवर सगळं कडकडीत वाळतं. त्यामुळे जितके दिवस तितके जोड हा हिशेब सोडून द्या. अंगावर एक, दोरीवर एक, बॅगेत एक, आणि संध्याकाळसाठी एखादा बरा. एवढ्यावर महिनाभरही निघेल. पाच-सहा मीटर बारीक नायलॉनची दोरी, सात-आठ चिमटे आणि कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी मात्र न विसरता घ्या.

एक अपवाद आहे. आफ्रिकेकडून शिरोक्को वारा सुटला की समुद्रकाठी हवा चिकट होते, कपडे वाळायला वेळ लागतो आणि वाऱ्याबरोबर सहारातली लालसर धूळ येते. त्यात चार थेंब पडले तर दोरीवरचे पांढरे कपडे ठिपक्यांनी भरतात. शेजारपाजारचे लोक वाळत घातलेलं आत घेताना दिसले की तुम्हीही घ्या.

आता बॅगेबद्दल, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. चाकांची कडक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे ७ किलोतला मोठा वाटा तिनेच खाल्ला. पाठीवरची साधी सॅक दीड किलोच्या आत मिळते. आणि चाकांचा इथे फारसा उपयोगही नाही. मातेराचे सास्सी, म्हणजे डोंगरात कोरलेल्या घरांची ती जुनी वस्ती, सगळी पायऱ्या-पायऱ्यांची आहे. पुलियातलं ओस्तुनी, अमाल्फी किनाऱ्यावरचं पोझितानो यांचीही तीच तऱ्हा. बहुतेक जुन्या गावठाणांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, टॅक्सी वेशीवर सोडते आणि पुढे तुम्ही, तुमची बॅग आणि दगडी चढ. त्यात खोली ताब्यात मिळते दुपारी तीनच्या सुमाराला. म्हणजे सगळं ओझं नेमकं भर उन्हात वाहायचं. घरी बॅग भरून झाली की ती पाठीला लावून जिन्याने तीन मजले चढा. दम लागला तर एक जोड कपडे काढून ठेवा. सासूबाईंची बॅग चार किलोच्या वर जाऊ देऊ नका, त्यांचं उरलेलं सामान तुम्हा दोघांत वाटून घ्या. मधे सिसिलीसाठी एखादं स्वस्तातलं विमान घेणार असाल तर एवढंच बघा, की अशा तिकिटात बऱ्याचदा सीटखाली मावेल अशीच बॅग धरलेली असते, साधारण ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची. तुमची सॅक त्याहून मोठी असेल तर तिचे पैसे तिकीट काढतानाच भरा, विमानतळावर तेच फार महाग पडतं.

ऊन किती? ११ ऑगस्ट २०२१ ला सिसिलीत सिराकुझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने २०२४ मध्ये तो युरोपचा उच्चांक म्हणून मान्य केला. एरवी तिशीच्या वर, कधी पस्तिशी पार, आणि उष्णतेची लाट आली तर चाळीस. विदर्भातल्या माणसाला हे आकडे मोठे वाटणार नाहीत. पण नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी एक वाजता उघड्यावर दगडी अवशेष बघत हिंडत नाही, आणि पर्यटक इथे नेमकं तेच करतो. नापोलीजवळचं जुनं रोमन शहर पोंपेई आणि सिसिलीतल्या आग्रिजेंतोची प्राचीन मंदिरं, दोन्हीकडे सावली फारच कमी. तिथे सकाळी दार उघडताच आत जा. आग्रिजेंतो उन्हाळ्यात रात्रीही उघडं असतं, संध्याकाळी गेलात तर फार उत्तम. पोंपेईत ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, म्हणून एक छोटी खांद्याची झोळी हवीच. सासूबाईंसाठी घडीची हलकी छत्री घ्या. उन्हात छत्री धरलेल्या बायका बघून इथे कुणी वळून पाहत नाही.

कापड मलमल, पातळ खादी किंवा लिनन. जीन्स नकोच, ती जडही असते आणि शिवणीत रात्रभर ओली राहते. जाड होजिअरीच्या टीशर्टचंही तसंच. फिकट राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे डाग उठून दिसतात, बारीक छापाचं कापड सगळं पोटात घालतं. फ्रॉक किंवा स्कर्ट घालणार असाल तर आतून पातळ सायकलिंग शॉर्ट घाला. दिवसभर चालून मांड्या घासल्या गेल्या की पुढचे दोन दिवस वाया जातात. मिस्टरांना एक लांब सुती पँट आणि कॉलरचा शर्ट हवाच. संध्याकाळी गावातला प्रत्येक जण नीटनेटका होऊन फेरफटका मारायला बाहेर पडतो, आणि त्या गर्दीत मिसळून चालण्यासारखं सुख नाही.

एक वस्तू मात्र मी प्रत्येकाला हट्टाने आणायला लावते: पंचा. सोलापुरी टर्किश टॉवेल नव्हे, साधा पातळ सुती पंचा, माणशी दोन. समुद्रावर अंग पुसा, तासाभरात वाळतो. ओला करून मानेभोवती गुंडाळला की उन्हात जिवाला बरं वाटतं. तापलेल्या खडकावर बसायला तो, ट्रेनच्या थंडगार एसीत खांद्यावर घ्यायला तो, आणि चर्चमध्ये जाताना उघडे दंड झाकायलाही तोच. बारीचं सान निकोला (इथे संत निकोलसच्या अस्थी १०८७ मध्ये आणल्या गेल्या), पालेर्मोजवळचं सोनेरी मोझाइकचं मोन्रेआले, अशा ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. रंगीत काठाची ओढणी असेल तर ती अधिक शोभते, पण कामाला पंचा वरचढ. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नका. सोरेंतोमध्ये २०२२ पासून त्याला ५०० युरोपर्यंत दंड आहे.

पायात घालायला दोनच जोड. एक चालून चालून पायात बसलेला, रबरी तळव्याचा. लेच्चेच्या गल्ल्यांतली फरशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे, कातानियातली काळ्या लाव्ह्याची. चामड्याच्या तळव्याची कोल्हापुरी तिथे घसरते. दुसरा जोड साध्या चपलांचा. पुलियाचा किनारा पुष्कळ ठिकाणी गोट्यांचा आणि खडकाळ आहे, खडकांत काटेरी समुद्री साळू असतात. पाण्यात घालायचे रबरी बूट इथेच किनाऱ्यावरच्या दुकानांत स्वस्तात मिळतात.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर जाणार असाल तर मात्र एक पातळ विंडचीटर टाका. रोपवे २,५०० मीटरपर्यंत नेतो आणि तिथे ऑगस्टातही बोचरा वारा असतो. एरवी स्वेटर नको, रेनकोटही नको.

आपले लोक तांब्या, मग, हँडशॉवर असं काय काय आणतात. १९७५ च्या सरकारी आदेशानुसार इटलीत प्रत्येक घरात निदान एका बाथरूममध्ये बिडे, म्हणजे कमोडशेजारचं धुण्यासाठीचं नळाचं बसकं बेसिन, असावाच लागतो, आणि हॉटेलांतही तो बहुतेक असतो. स्टेशनवर आणि खानावळीत नसतो, तेवढ्यासाठी एक छोटी रिकामी बाटली पुरे. बिडेत रात्री दुखरे पाय गार पाण्यात सोडून बसता येतं हा वेगळा फायदा.

१०० मिलीच्या बाटल्यांचा नियम तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून साबण, शांपू शक्यतो वडीचा घ्या. सनस्क्रीन, डासांचं मशीन, टूथपेस्ट इथल्या सुपरमार्केटात मिळतं. डास भरपूर आहेत आणि दिवसाही चावतात. घामोळ्यांची पावडर आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं मात्र घरून आणा, वजनाला काहीच नाहीत. कोकम आवडत असेल तर सुकी आमसुलं आणा. पाण्याच्या बाटलीत दोन टाकून ठेवली की दिवस सोपा जातो. बाटली रिकामी आणा, गावोगावी सार्वजनिक नळ असतात. फक्त ‘नोन पोताबिले’ लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नका.

खाण्याचं फार आणू नका. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. डाळीसारखी घोटलेली फावा बीन्स आणि कडसर चिकोरीची भाजी, सिसिलीची वांग्याची कापोनाता, बारीचा फोकाच्चा (जाडसर भाजलेला पाव), सकाळी बदामाची ग्रानिता (बर्फाळ गोड पेय). अडचण वेळांची आहे. दुपारी तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरं बंद होतात ती सात-साडेसातपर्यंत, आणि १५ ऑगस्टला फेरागोस्तोच्या सणामुळे पुष्कळ दुकानं उघडतच नाहीत. त्यासाठी चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू पुरेत. तूप, पनीर असे दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, आंबेही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत.

चार्जर दोन बारीक गोल पिनांचा असेल तर तो बहुतेक सगळीकडे बसतो. जाड पिनांना जुन्या घरांतल्या एका ओळीत तीन भोकं असलेल्या सॉकेटसाठी अडॅप्टर लागतो. पॉवर बँक २०,००० एमएएचपर्यंतची चालते.

सासूबाईंची औषधं तिघांच्या बॅगांत विभागू नका, त्यांच्याच झोळीत, मूळ पाकिटांत राहू द्या. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि त्यात कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. हिरव्या क्रॉसच्या फार्माचियात, म्हणजे औषधांच्या दुकानात, भारतीय ब्रँड कुणाला कळत नाही, मूळ नाव कळतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर एवढ्या उन्हात मात्रा बदलायची का, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा.