मुंबईत नवीन आहे, फार एकटं वाटतं. ऑनलाइन आपुलकीची माणसं कुठे भेटतील?

नोकरीसाठी आलात, खोलीवर परतल्यावर बोलायला कुणी नाही, असं लिहिलंय तुम्ही. ते दिवस मीही काढलेत. 'मैत्री करूया' छापाच्या ग्रुपांत जाऊ नका. दोन दिवस गुड मॉर्निंग, मग शांतता. जिथे मिळून काही काम चालतं तिथे जा. मला मराठी विकिपीडियाने हात दिला. २००३ पासून चालू आहे, 'चावडी' या पानावर काहीही विचारता येतं. मी आमच्या तालुक्याच्या लेखात चार ओळी घातल्या, तर कुणा अनोळखी माणसाने माझ्या वेलांट्या सुधारून खाली 'लिहीत राहा' असं लिहिलं. रात्री साडेअकराला ते मी तीनदा वाचलं.

फोटोंची आवड असेल तर आयनॅचरलिस्ट, म्हणजे झाडं, पक्षी, किडे यांचे फोटो टाकून ते ओळखायची वेबसाइट आणि अ‍ॅप. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातलं फुलपाखरू टाका, नाव सांगायला बहुतेक कुणीतरी येतं.

आधी आठवडाभर नुसतं वाचा, नवख्याशी कसे बोलतात ते बघा. पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्याला लगेच ब्लॉक. पहिली भेट दिवसाढवळ्या, स्टेशनजवळच्या उडप्याकडे.

आणि झोपच उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर आजच १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.